जुन्या साखळी-करवतींचे मोल

जुन्या वस्तूंना किंमत येते, ह्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. सातवाहनांचे एखादे नाणे, पेशवाईतील एखादी समई किंवा शिसवीचा एखादा नक्षीदार पलंग ह्यांना गिऱ्हाईक मिळाले, तर कोणी आश्चर्य करीत नाही. ह्या वस्तू घडल्या त्या काळीही मोलाच्याच होत्या. काळाने त्या मोलात भर घातली, इतकेच. परंतु ज्या वस्तू केवळ राबण्यासाठी जन्मास आल्या, ज्यांना रूप देण्याचा विचार घडविणाऱ्याच्या मनातही नव्हता, आणि ज्या झिजल्यावर भंगारात टाकावयाच्या हे ठरलेलेच होते, अशा वस्तू जेव्हा कोणी हौसेने शोधू लागतो, पारखू लागतो आणि त्यांसाठी पैसे मोजू लागतो, तेव्हा मात्र विचार करावासा वाटतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी आणि स्कँडिनेव्हिया ह्या देशांत असा एक संग्राहकवर्ग आहे. तो जुन्या साखळी-करवती जमवितो.

साखळी-करवत म्हणजे लहानशा इंजिनाच्या बळावर एका लांबट पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी वेगाने फिरवून लाकूड कापणारे यंत्र. हे यंत्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जंगलांत वापरात आहे आणि आजही त्याचे नवे नवे नमुने निघत आहेत. मग चाळीस-पन्नास वर्षे जुना, जड, धुराने कळकटलेला नमुना विकत घेणारा मनुष्य पैसे मोजतो ते नेमके कशाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर बाजारभावाच्या पत्रकात मिळत नाही. ते त्या यंत्राच्या इतिहासात शोधावे लागते.

ह्या इतिहासाचा आरंभ पुष्कळदा शस्त्रवैद्याच्या खोलीतून केला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन व जेम्स जेफ्री ह्या दोन वैद्यांनी हाड कापण्यासाठी बारीक दात्यांची साखळी वापरली. पुढे १८३०च्या सुमारास व्यूर्त्सबुर्ग येथील बेर्नहार्ड हाइने ह्याने हाताने मूठ फिरविताच पात्याभोवती साखळी फिरेल असे अस्थिच्छेदक यंत्र तयार केले. आकृतीपुरते पाहिले तर ह्या यंत्रात आणि आजच्या करवतीत साम्य आहे खरे. परंतु एकापासून दुसरे जन्मास आले, असे म्हणावयास आधार नाही. जंगलातील करवतीची गरज निराळी होती आणि तिची वंशावळही निराळी आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील सॅम्युएल बेन्स ह्यास १९०५ साली अखंड फिरणाऱ्या साखळीच्या करवतीबद्दल अमेरिकेत एकस्व मिळाले, ते कॅलिफोर्नियातील अवाढव्य रेडवूड वृक्ष डोळ्यांपुढे ठेवूनच. तथापि एकस्व मिळणे वेगळे आणि माणसाने उचलून रानात न्यावे असे यंत्र घडणे वेगळे. त्यासाठी आणखी वीस वर्षे जावी लागली.

१९२६ साली आंद्रेआस श्टील ह्या तरुण अभियंत्याने जर्मनीतील श्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी पहिली साखळी-करवत तयार केली. तिचे वजन ६४ किलोग्रॅम होते. पुढल्याच वर्षी एमिल लेर्प ह्याने थ्युरिंगियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा प्रयोग केला आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या यंत्राला दिले. त्या यंत्राचे वजन ५८ किलोग्रॅम भरत असे. १९२९ साली श्टीलनेही पेट्रोलवर चालणारे, ४६ किलोग्रॅम वजनाचे व ६ अश्वशक्तीचे यंत्र बाजारात आणले. ही सर्व यंत्रे दोन माणसांनी चालवावयाची होती. लाकडाच्या वखारीत एक माणूस ओंडक्यावर व दुसरा खाली खड्ड्यात उभा राहून करवत ओढीत असल्याचे दृश्य भारतात अनेकांनी पाहिलेले आहे. ह्या नव्या यंत्रालाही तशीच जोडी लागे. एक जण इंजिनाच्या बाजूच्या मुठी धरी आणि दुसरा पट्टीच्या पुढच्या टोकास बसविलेली मूठ सांभाळी. यंत्र आले तरी दोन माणसांच्या मेळाची जुनी रीत लगेच सुटली नाही.

नंतर दुसरे महायुद्ध आले. जर्मन यंत्रे अमेरिका, कॅनडा व ब्रिटन ह्यांना मिळेनाशी झाली आणि सैन्याला तर पूल, रस्ते व छावण्या उभारण्यासाठी लाकूड हवे होते. तेव्हा फिलाडेल्फियातील डिस्टन ह्या करवती बनविणाऱ्या जुन्या कारखान्याने पट्टी व साखळी घडविली, विस्कॉन्सिनमधील कार्ल कीकहेफर ह्याच्या कारखान्याने इंजिन दिले, आणि ह्या दोहोंच्या मिलाफातून अमेरिकन सैन्याची दोन माणसी करवत निर्माण झाली. कॅनडात व्हँकुव्हर येथेही हा उद्योग ह्याच काळात वाढीस लागला. युद्ध संपल्यावर सैन्याजवळची ही यंत्रे स्वस्तात विक्रीस निघाली आणि लाकूडतोड्यांच्या हाती गेली.

ह्या दोन माणसी यंत्रांच्या बाबतीत संग्राहकाला बाजाराचा पहिला धडा मिळतो. दुर्मीळ म्हणजे महाग, असे सामान्यतः समजले जाते. पण येथे तो हिशेब पुरता जुळत नाही. हे यंत्र घरात ठेवावयाचे तर भिंतीची एक बाजू अडते. दुसऱ्या गावाहून आणावयाचे तर वाहतुकीचा खर्च कित्येकदा यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो. आणि चालवून पाहावयाचे तर जोडीदार शोधावा लागतो. ह्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असलेले एखादे यंत्र पुष्कळदा पुढच्या काळातील, हजारोंनी बनलेल्या एकमाणसी यंत्राहून कमी भावात जाते. मोल आणि भाव ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, ही जाणीव जाणत्या संग्राहकाला येथे प्रथम होते.

यंत्र हलके होण्यापूर्वी एक दुसरी अडचण दूर व्हावयास हवी होती. आरंभीच्या साखळ्यांचे दाते हातकरवतीच्या दात्यांसारखेच होते. काही दाते लाकडावर चीर पाडीत व काही ती खरवडून काढीत. असली साखळी लवकर बोथट होई, आणि तिला कानशीने धार लावण्यात कामाचा बराच वेळ जाई. ऑरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या ह्या त्रासाला कंटाळलेला होता. १९४६ साली एकदा सरपण फोडीत असता लाकडात बोटाएवढी जाड अशी एका भुंगेऱ्याची अळी त्याला दिसली. ती लाकडाच्या रेषांबरोबर आणि रेषांना आडवी अशी सारख्याच सुलभतेने वाट कोरीत चालली होती. तिचे इंग्रजी ‘सी’ ह्या अक्षराच्या वळणाचे दोन जबडे आळीपाळीने डावीउजवीकडे लाकूड कुरतडीत होते. कॉक्सने तेच वळण पोलादात उतरविले, आणि १९४७ साली पोर्टलंड येथे आपल्या घराच्या तळघरात नव्या साखळीचा उद्योग सुरू केला. आजही जगातील बहुतेक साखळ्यांचे दाते मूलतः त्याच कल्पनेवर घडविलेले असतात.

ह्या घटनेमुळे जुन्या करवतींची पारख करणाराला एक नेमकी खूण मिळाली. १९४७ पूर्वीच्या यंत्रावर पुढील काळची साखळी आढळली तर ती नंतर बदललेली आहे हे उघड होते. तसे होणे स्वाभाविकही आहे. कारण ज्याला पोट भरावयाचे होते तो जुन्या साखळीला कवटाळून कशाला बसेल? परंतु म्हणूनच मूळ खरवडणाऱ्या दात्यांची साखळी अंगावर असलेले यंत्र सापडले, की संग्राहकाचे डोळे चमकतात.

१९५० नंतरची दोन दशके ही ह्या यंत्राच्या यौवनाची. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट मॅक्कलक ह्याच्या कारखान्याने आपल्या यंत्रांना नावे दिली तीच मुळी अंकांची. ‘५-४९’ म्हणजे ५ अश्वशक्ती व ४९ पौंड वजन. आणि त्यापाठोपाठ १९४९ साली आलेले ‘३-२५’ म्हणजे ३ अश्वशक्ती व २५ पौंड. वजन निम्म्यावर आले आणि दुसऱ्या माणसाची गरज संपली. जर्मनीत श्टीलने १९५० साली एका माणसाने चालवावयाची करवत काढली. १९५९ साली त्याच कारखान्याची ‘कॉन्ट्रा’ ही १२ किलोग्रॅम वजनाची व ६ अश्वशक्तीची करवत आली. तिच्यात मधली दातेरी चाके वगळून इंजिनाने साखळी थेट फिरविण्याची योजना होती. स्वीडनमधील यॉन्सेरेड येथील कारखान्याने १९५४ साली ‘राकेट’ हे यंत्र काढले. आणि सतराव्या शतकात बंदुका बनविण्यापासून सुरुवात केलेल्या हुस्क्वार्नाने १९५९ साली आपली पहिली साखळी-करवत विकली. १९६३ साली अमेरिकेतील होमलाइट कंपनीने ‘एक्सएल-१२’ हे अवघे १२ पौंडांचे यंत्र आणले. लाकूडतोड्याचे हत्यार आता शेतकऱ्याच्या गोठ्यात आणि सामान्य गृहस्थाच्या पडवीत शिरले.

ह्याच काळात कार्ब्युरेटरमध्येही एक महत्त्वाची सुधारणा झाली. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलाची पातळी तरंगत्या गोळ्याने राखली जाई. यंत्र आडवे केले की ती पातळी बिघडे आणि इंजिन बंद पडे. पातळ पडद्याने पेट्रोल खेचणारा कार्ब्युरेटर आल्यावर यंत्र उभे, आडवे, कसेही धरता येऊ लागले. खरेदी करणाराला आज त्या पडद्याचीच धास्ती असते, कारण वर्षानुवर्षे पडून राहिल्याने तो ताठर होतो आणि इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलाने त्याची व जुन्या रबरी नळ्यांची अधिकच दुर्दशा होते.

आता प्रत्यक्ष पारख कशी करतात ते पाहावे. घोडा घेणारा दात पाहतो. करवत घेणारा इंजिनाचा दम पाहतो. विजेचे बटण बंद ठेवून, सुरू करण्याची दोरी हाती धरून तो यंत्र तिच्यावर हळूच तोलतो. यंत्र झटकन खाली आले तर सिलिंडरमधील दाब गेलेला आहे. थबकत थबकत, जणू अनिच्छेने उतरले, तर इंजिनात जीव आहे. नंतर तो धूर बाहेर टाकणारी डबी सोडवितो आणि तेथील छिद्रातून आतला दट्ट्या पाहतो. त्यावर उभे ओरखडे असले, तर कोणी तरी कधी तरी पेट्रोलात तेल मिसळण्यास चुकला होता हे समजते. दोन फटक्यांच्या ह्या इंजिनाला वंगण मिळते ते इंधनात मिसळलेल्या तेलातूनच. एका दिवसाचा विसराळूपणा धातूवर कायमचा लिहिला जातो. नंतर पाळी कवचाची. वजन कमी करण्यासाठी पुष्कळ यंत्रांची कवचे मॅग्नेशियमची ओतलेली असत. ओलसर जमिनीवर पडून राहिल्यास हा धातू पांढरी भुकटी होऊन झडू लागतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. दट्ट्या बदलता येतो, ठिणगीचे वेटोळे शोधून मिळते. पण खालचे कवचच खाऊन गेले असेल तर ते यंत्र इतर यंत्रांना सुटे भाग पुरविण्यापुरतेच उरते.

ह्यापुढे येतो तो पूर्णतेचा प्रश्न. हवेच्या गाळणीवरचे झाकण, दोरीची चकती, मूळ मूठ, मूळ पट्टी, अनुक्रमांक कोरलेली नामपट्टी हे भाग क्षुल्लक दिसतात. पण कारखाने बंद पडल्यावर तेच दुर्लभ होतात. मॅक्कलकच्या कंपनीचे १९९९ साली दिवाळे निघाले. डोल्मारचा कारखाना १९९१ साली माकिता ह्या जपानी कंपनीकडे गेला. इतरही अनेक नावे मोठ्या उद्योगांत विलीन झाली. जे झाकण पूर्वी दुकानदाराच्या फळीवर धूळ खात पडलेले असे, ते न मिळाल्याने आज चांगली चालती यंत्रे अपुरी राहतात, आणि अपुऱ्या यंत्राची किंमत झाकणाच्या किमतीहून कितीतरी अधिक खाली येते.

परंतु खरा वाद आहे तो रंगाचा. गंजलेले, रंग उडालेले यंत्र घासूनपुसून, नवा रंग देऊन लखलखीत करावे की नाही? नवखा ग्राहक लखलखाटाला भुलतो. अनुभवी संग्राहक मूळ रंगाचे, खरचटलेले यंत्र अधिक पसंत करतो. कारण रंग पुन्हा केव्हाही देता येतो, मूळ रंग मात्र एकदा घालविला की परत आणता येत नाही. मुठीला गुंडाळलेली कातडी पट्टी, फुटलेल्या झाकणाला रानातच मारलेला पत्र्याचा जोड, कवचावर खिळ्याने कोरलेली कोणाची तरी आद्याक्षरे ह्या गोष्टी पुसून टाकल्या तर यंत्र सुंदर होते आणि मुके होते.

ह्या वादाला एक विलक्षण दृष्टान्त मॅक्कलकच्याच चरित्रात सापडतो. करवती विकून धनाढ्य झालेल्या ह्या कारखानदाराने ॲरिझोनाच्या वाळवंटात एका सरोवराकाठी लेक हवासू सिटी हे नवे नगर वसविले, आपला कारखाना तेथे आणला, आणि १९६८ साली लंडन शहराकडून थेम्स नदीवरचा १८३१ सालचा लंडन ब्रिज २४ लाख ६० हजार डॉलरांना विकत घेतला. पुलाचे दगड क्रमांक घालून उतरविण्यात आले, समुद्रमार्गे अमेरिकेत आले आणि तेथे पूल पुन्हा उभा राहिला. १९७१ साली त्याचे उद्घाटन झाले. पण आतला सांगाडा नव्या काँक्रीटचा आहे. जुने दगड त्याला बाहेरून लावलेले आहेत. मग तो लंडन ब्रिज म्हणावा की नाही? नवे इंजिन घालून जुने कवच चढविलेली करवत समोर आली, की संग्राहकापुढे हाच प्रश्न लहान आकारात उभा राहतो. लेक हवासूच्या पुलाबाबत निदान काही लपविलेले नव्हते. काय जुने व काय नवे हे सर्वांना ठाऊक होते. सचोटीची कसोटी तीच आहे. दुरुस्ती हा दोष नव्हे. दुरुस्ती दडविणे हा दोष होय.

किमतीच्या ह्या शास्त्रात एक विपरीत गोष्ट मात्र दडलेली आहे. सर्वांत अधिक भाव येतो तो कधीच न वापरलेल्या, मूळ खोक्यात राहिलेल्या यंत्राला. म्हणजे ज्या करवतीने एकही झाड पाडले नाही ती सर्वांत मोलाची ठरते; आणि जिच्या जोरावर एखाद्या कुटुंबाने वीस वर्षे संसार चालविला, ती झिजून, सुटे भाग काढले जाऊन, अखेर भट्टीत वितळली. जे यंत्र सर्वांत अधिक राबले ते सर्वांत कमी उरले. संग्रहातील फडताळे पाहून इतिहास लिहू जाणाऱ्याने हे विसरता कामा नये. तेथे उरलेली यंत्रे ही पुष्कळदा न चाललेली, न आवडलेली किंवा विसरली गेलेली असतात. जी लोकप्रिय होती त्यांची साक्ष त्यांच्या अनुपस्थितीतच आहे.

आणखी एका गोष्टीची नोंद कोणत्याही भावपत्रकात नसते. त्या काळच्या यंत्रांत हादरे शोषून घेणारी रबरी मूठ नव्हती, साखळी तत्काळ थांबविणारा अडथळाही नव्हता. दिवसभर थरथरणारी मूठ धरणाऱ्या माणसांची बोटे थंडीत पांढरी पडू लागली. आधी मुंग्या येत, मग स्पर्श हरपे. ब्रिटन व जपान ह्या देशांतील वनकामगारांमध्ये १९६०च्या दशकात हा विकार ठळकपणे पुढे आला. त्याच दशकाच्या मध्यापासून इंजिन व मूठ ह्यांमध्ये रबर घालून हादरे तोडणारी यंत्रे निघू लागली, आणि १९७०च्या दशकात साखळीला रोधक बसविण्याची पद्धत रूढ होत गेली. आज संग्राहक ज्या यंत्रांना अस्सल म्हणून वाखाणतो ती बहुधा ह्या सुधारणांपूर्वीची आहेत. मेळाव्यात ती दोन मिनिटे गर्जतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. ज्याने ती रोज आठ तास हाती धरली त्याला त्या गर्जनेत निराळेच काही ऐकू आले असते. त्याचे कान शाबूत राहिले असते तर.

ह्याचा अर्थ हा छंद व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. राजांच्या तलवारी जपणारे पुष्कळ असतात. मजुराचे हत्यार जपणारा विरळा. तलवार पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण ती टिकावी म्हणून माणसे झटत असतात. करवत टिकते ती बहुधा कोणाच्या तरी विस्मरणामुळे. ह्या विस्मरणातून बाहेर आलेली वस्तू भंगाराच्या ढिगातून उचलून, तिचा अनुक्रमांक लिहून ठेवून, तिचा मूळ रंग सांभाळून जो तिला निवारा देतो, तो इतिहासाची सेवाच करतो. मात्र त्या सेवेला पूर्णता यावयाची असेल तर यंत्राबरोबर आणखी थोडे काही विकत घेतले पाहिजे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ही करवत कोणाची होती, कोणत्या रानात चालली, कोणत्या लाकडावर चालली, तिच्या मालकाने ती का ठेवून दिली, हे विकणाऱ्याला विचारून चार ओळींत टिपून ठेवावयाचे. वृद्ध लाकूडतोड्याच्या पश्चात त्याच्या पडवीतील सामान विकले जाते तेव्हा ही माहिती सांगणारे कोणी तरी त्या दिवशी तेथे हजर असते. पुढच्या वर्षी नसते.

अशी चार ओळींची चिठ्ठी बांधलेली, खरचटलेली, अर्ध्या रंगाची करवत आणि खोक्यातली कोरी करवत ह्या दोहोंत बाजार आज दुसरीला अधिक भाव देतो. उद्याचा इतिहासकार पहिलीपुढे थांबेल.